ओढा सर्वांचा, मग तण कुणाचे?



बेणे, लागण, खताचे हप्ते, खोडव्याची निगा याविषयी आपण या पानांतून वेळोवेळी वाचत आला आहात. आजचा विषय शेताच्या आतला नाही, शेताच्या कडेचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या जमिनीला कुठे ना कुठे ओढा लागतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि पावसाळ्यात तो उसात शिरला म्हणजे सगळेच त्याला नावे ठेवतात. पण ओढा आपणहून उसात शिरत नाही. त्याची वाट अडली म्हणजे तो शिरतो. ही वाट कोण अडवतो, आणि ती मोकळी कशी ठेवायची, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

वाट अडवणारे पाहुणे

आपल्या ओढ्याकाठी आज जी हिरवळ दिसते, तिच्यातली बरीचशी मूळची इथली नाही. बेशरम, घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ आणि जलपर्णी ही पाचही मंडळी अमेरिका खंडातून आलेली. त्यांना खाणारे किडे, त्यांच्यावर पडणारे रोग तिकडेच राहिले. म्हणून इथे त्यांना मोकळे रान मिळाले.

बेशरमीला नाव अगदी योग्य पडले आहे. कापून टाका, जिथे टाकाल तिथे तिच्या कांडीला मुळे फुटतात. जनावरे तिला एरवी तोंड लावत नाहीत. पण उन्हाळ्यात दुसरा चारा नसला म्हणजे शेळ्या खातात, पुढे त्यांना त्याची चटक लागते, मान थरथरू लागते, चालताना झोकांड्या जातात. घाणेरीचा पाला पोटात गेला तर जनावराला कावीळ होते आणि उन्हात त्याची कातडी सोलते. घाणेरीची काळी फळे पाखरे खातात आणि बी गावभर पेरतात.

गाजरगवत आपल्या राज्यात १९५५ च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते, म्हणून काही ठिकाणी त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया धरतात. अंगाला खाज, सर्दी, दमा हे त्याचे प्रसाद घरोघरी ठाऊक आहेत. जलपर्णीला तर आपणच पोसतो. गावाचे सांडपाणी आणि आपल्या उसातून वाहून जाणारा युरिया हा तिचा खुराक. तो मिळाला की दोन-तीन आठवड्यांत ती दुप्पट होते. उपसा सिंचन संस्थांच्या जॅकवेलपाशी ती साचली म्हणजे पंपाचे काय हाल होतात, हे संस्थेच्या ऑपरेटरला विचारा.

ही सगळी झाडे ओढ्याच्या पात्रात उभी राहिली की पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, पात्र वर येते. मग वीतभर पाऊस झाला तरी पाणी काठ सोडून पसरते. उसाच्या खालच्या अंगाला पाणी थांबते, मुळे गुदमरतात. दरवर्षी असेच होत राहिले तर जमीन खारवट, चोपण होते. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन, शेतकऱ्यांना एकत्र करून, क्षारपड जमिनीत निचऱ्याच्या नळ्या घालण्याचे मोठे काम केले, ते पुष्कळांनी जाऊन पाहिले असेल. पण नळ्या कितीही चांगल्या घातल्या तरी निचरा शेवटी सोडायचा कुठे? ओढ्यातच. ओढाच तुंबला असेल तर नळीचे तोंड पाण्याखाली जाते आणि खर्च वाया जातो.

एकट्याने का भागत नाही

आता कुणी म्हणेल, माझ्या हद्दीतले तण मी काढतो, दुसऱ्याचे दुसरा बघेल. बांधावरच्या हरळीला हे लागू पडेल, ओढ्याला नाही. ओढा वरून खाली वाहतो. वरच्या शेतकऱ्याने बेशरम तशीच ठेवली तर पहिल्याच पुरात तिच्या कांड्या खालच्याच्या काठाला येऊन लागतात. खालच्याने दरसाल मजूर लावायचे, आणि वरून दरसाल बेणे यायचे, असा हा व्यवहार होतो. शिवाय ओढ्याचे पात्र कुणा एकाच्या मालकीचे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे नदी-नाल्यांची पात्रे शासनाची आहेत. म्हणजे मालकी सरकारची, त्रास शेतकऱ्याचा, आणि तण कुणाचेच नाही!

दुसरी चूक यंत्राची. ओढा तुंबला की वर्गणी काढून जेसीबी आणायचा, दोन्ही काठ खरवडून काढायचे, गाळ काठावर रचायचा आणि मोकळे व्हायचे, ही पद्धत सर्रास पडली आहे. काम झाल्यावर ओढा कसा स्वच्छ, रुंद दिसतो. पण होते काय? बेशरमीचे तुकडे होऊन ते सगळीकडे पसरतात. बेशरमीबरोबर करंज, निर्गुडी, लव्हाळा हेही उपटले जातात. काठाची माती उघडी पडते, ती पहिल्या पावसात पुन्हा पात्रात येते. आणि उघड्या मातीवर सगळ्यांत आधी कोण उगवते? गाजरगवत आणि बेशरम. म्हणून दोन वर्षांनी पुन्हा जेसीबी! तण काढणे हे अर्धेच काम आहे. रिकामी झालेली जागा चांगल्या झाडांनी भरणे हे दुसरे अर्धे काम. ते केले नाही तर पहिले अर्धेही फुकट जाते.

ऑस्ट्रेलियातील ऊसवाल्यांचा अनुभव

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावर क्वीन्सलँड नावाचे राज्य आहे. आपल्यासारखाच तो ऊस पिकवणारा भाग. तिथल्या मॅके भागात शेतकऱ्यांच्या मालकीचे सहकारी कारखानेही होते, आणि १९८८ साली त्यांतल्या काहींनी एकत्र येऊन एक मोठी सहकारी संस्था उभी केली होती. या राज्यात पूर्वी चाऱ्यासाठी आणि काठ धरून राहावेत म्हणून आफ्रिकेतले पॅरा गवत लावण्यात आले. हे गवत आपल्याकडेही पाणथळ जमिनीत चाऱ्यासाठी लावतात, तेव्हा ते आपल्याला अनोळखी नाही. उसाची जमीन वाढवण्यासाठी तिकडच्या ओढ्यांच्या काठची झाडे तुटली, पात्रात ऊन पडू लागले, आणि पॅरा गवताने पात्रेच्या पात्रे भरून टाकली.

इनिसफेल गावाच्या भागातील एका ओढ्याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. या गवतामुळे ओढ्याची पाणी वाहून नेण्याची ताकद सुमारे ८५ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे शंभर घागरी नेणारा ओढा पंधरा घागरींवर आला. मग त्यांनी गवतावर सावलीचे कापड ताणून पाहिले. दाट सावलीत गवत हटू लागले. यावरून त्यांनी सांगितले की हे गवत कापत बसण्यापेक्षा काठावर झाडे उभी करा, सावली आपोआप राखण करील.

तिकडच्या उसाला उंदरांचाही मोठा उपद्रव आहे. ओढ्याकाठी माजलेले गवत हे उंदरांचे घर, आणि गवताचे बी हे त्यांचे खाणे. काठावर दाट झाडी वाढून खालचे गवत मेले की त्यांचा आसरा कमी होतो, असे तिथे दिसून आले. आपल्याकडे ओढ्यालगतच्या उसात उंदीर-घुशी आणि रानडुकरे यांचे नुकसान जास्त का असते, याचा विचार सभासदांनी यावरून करावा.

मुख्य गोष्ट म्हणजे हे काम तिकडे सरकारवर सोपवून शेतकरी स्वस्थ बसले नाहीत. त्याच देशातील व्हिक्टोरिया राज्यात १९८६ साली लँडकेअर नावाची चळवळ सुरू झाली. त्या वेळच्या मंत्री जोन कर्नर आणि तिथल्या शेतकरी संघटनेच्या अध्यक्षा हेदर मिचेल या दोघींनी मिळून ती उभी केली. एका पाणलोटातले शेजारी-शेजारी शेतकरी गट करतात, काम ते ठरवतात, सरकार सल्ला आणि काही पैसा देते. पुढे १९८९ मध्ये तिथल्या देशपातळीवरच्या शेतकरी संघटनेने आणि निसर्ग राखणाऱ्या संस्थेने, म्हणजे एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांनी, एकत्र येऊन मागणी केली तेव्हा केंद्र सरकारने ती उचलली, आणि देशभर असे हजारो गट झाले. आपल्याला यात नवल वाटायला नको. चार शेजाऱ्यांनी मिळून एकट्याला न झेपणारे काम करायचे, यालाच आपण सहकार म्हणतो.

आपणही हे केलेले आहे

२००२ साली लोकरी मावा आला तो दिवस जुने सभासद विसरले नसतील. सांगली जिल्ह्यातून सुरुवात झाली आणि बघता बघता फडच्या फड पांढरे झाले. एकाने फवारायचे आणि शेजाऱ्याने तसेच ठेवायचे, याने काही साधले नाही. शेवटी मावा आटोक्यात आला तो डिफा, मायक्रोमस यांसारख्या मित्रकीटकांनी. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि कारखान्यांनी ते वाढवून शेतकऱ्यांना दिले, शेतकऱ्यांनी फवारण्या आवरून त्यांना जगू दिले. एका सभासदाच्या फडातले मित्रकीटक दुसऱ्याच्या फडात गेले. तिथे कुणी हद्द मोजली नाही.

गाजरगवताच्या बाबतीतही असा एक मित्र आहे. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगे १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आले, आणि आता ते देशाच्या पुष्कळ भागांत पसरले आहेत. पावसाळ्यात ते पाने खाऊन गाजरगवताच्या नुसत्या काड्या ठेवतात. आपल्या ओढ्यावर हे मळकट पांढरे, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका, तिथे तणनाशकही मारू नका. जिथे नाहीत तिथे शेजारच्या गावातून डब्यात भरून आणून सोडता येतात.

कामाची रीत

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते पाहू. पहिला नियम, ओढ्याच्या उगमाकडून खाली यायचे. वरचा भाग साफ झाल्याशिवाय खालच्याला हात घालू नये. दुसरा नियम, एका वर्षात जेवढ्या लांबीची पुढे तीन वर्षे राखण होईल, तेवढीच घ्यायची. सबंध ओढा एकदम घेऊन मध्येच सोडण्यापेक्षा दरवर्षी दोन-तीनशे मीटर पुरे झालेले बरे.

बेशरम मुळासकट खणून काढावी, कोरड्या जागी रचून कडकडीत वाळवावी, एक कांडीही ओढ्यात राहू देऊ नये. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सोपी रीत दाखवली आहे. जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे, झुडूप उपटून मुळे वर करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा लागत नाही. जिथे पाखरे बसतात त्या झाडांखाली घाणेरीची रोपे उगवतात, ती पावसाळ्यात हाताने उपटावीत. वेडी बाभूळही बुंध्यासकट खणावी लागते. तिचे सरपण चांगले होते. गाजरगवत फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून उपटावे. फूल नसेल तर त्याचे खतही होते. पाण्यालगत तणनाशक वापरू नये. ते पाणी खाली कुणाच्या तरी जनावरांना प्यायचे असते. शिवाय टू-फोर-डी सारखे औषध वाऱ्याने उडाले तर शेजारच्या द्राक्षबागेची, भाजीपाल्याची वाट लागते.

ओढ्यात आधीपासून असलेल्या आपल्या झाडांना मात्र धक्का लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारावा, म्हणजे मजुरांची चूक होत नाही.

मग लावायचे काय? पाण्याच्या अगदी कडेला वाळा, लव्हाळा, आणि खडकाळ पात्र असेल तिथे शेरणी. ही झाडे पुरात वाकतात, मोडत नाहीत, आणि माती धरून ठेवतात. काठाच्या उतारावर निर्गुडी, करंज, वाळुंज. वाळुंजाच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी लागतात. काठाच्या माथ्यावर उंबर, जांभूळ, अर्जुन, भोकर. यांची सावली, पाखरे, मधमाश्या हा वरचा लाभ.

उसावर सावली पडेल, ही सभासदांची शंका रास्त आहे. त्यावर उपाय असा. ओढा पूर्व-पश्चिम वाहत असेल तर उंच झाडे दक्षिणेच्या काठाला लावावीत. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे त्या झाडांची सावली ओढ्यातच पडते, आणि तिथे ती आपल्याला हवीच आहे. उत्तरेच्या काठाला निर्गुडी, वाळा अशी ठेंगणी झाडे ठेवावीत.

जमिनीचा प्रश्न

आता जरा अवघड बोलतो. झाडे लावायला काठ पाहिजे, आणि पुष्कळ ठिकाणी काठ उरलेलाच नाही. गेल्या दोन पिढ्यांत सरी-सरीने ऊस ओढ्यात उतरला आहे. कुणाचे नाव घेण्याचे कारण नाही. सगळ्या गावांत हेच आहे.

हिशेब करून पाहू. शंभर मीटर लांब काठावर चार मीटरचा पट्टा सोडला तर चारशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार गुंठे जमीन जाते. एकरी चाळीस टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन, म्हणजे वर्षाला चार टन ऊस. हे नुकसान नाही असे कुणी म्हणू नये, आणि लहान खातेदाराला ते थोडेही नाही. पण दुसरी बाजूही मांडा. हेच चार गुंठे काठावरचे असल्यामुळे त्यांत उंदीर, रानडुकरे आणि पुराचे पाणी पहिल्यांदा येते. तिथे खरोखर चार टन मिळतात का? आणि ओढा तुंबून आतल्या पंधरा-वीस गुंठ्यांत पाणी थांबले तर किती टन जातात? ज्याचा हिशेब त्याने स्वतःच्या वजनपावत्या काढून करावा.

म्हणून पट्टा किती सोडायचा हे सर्व काठकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि दोन्ही काठांवर सारखे ठरवावे. ज्याची जमीन थोडी आहे त्याला पट्ट्यात बांबू, शेवगा किंवा चाऱ्याचे काही घेऊ द्यावे. सगळा भार लहान शेतकऱ्यावर पडला तर हे काम एका वर्षाच्या पुढे जाणार नाही.

कुणी काय करावे

एका ओढ्याची एक समिती असावी. तिच्यात दोन्ही काठांचे खातेदार असावेत, मग ते आपले सभासद असोत वा नसोत. ज्यांना जमीन नाही पण ज्यांच्या शेळ्या ओढ्यावर चरतात, ज्या भगिनी तिथून चारा-सरपण आणतात, त्यांनाही बोलवावे. वेडी बाभूळ काढली की त्यांची चूल अडते, म्हणून निघालेल्या सरपणावर पहिला हक्क त्यांचा ठेवावा. नवीन रोपांची राखण शेवटी त्यांच्याच हातात आहे. शेळीने एका सकाळी खाल्लेले रोप कुठलीही समिती परत आणू शकत नाही.

ग्रामपंचायतीने सांडपाणी थेट ओढ्यात सोडणे थांबवावे, आणि पात्रातील कामाला लागणाऱ्या परवानगीत मदत करावी. प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्याप्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. ती बहुधा कागदावरच असते, तिला हे काम द्यावे. पाणीपुरवठा संस्थांनी जलपर्णी काढण्याचा खर्च वाटून घ्यावा. कारखान्याने रोपवाटिकेत बेण्याबरोबर करंज, उंबर, वाळुंजाचीही रोपे करावीत आणि शेतकी खात्याने गटवार नोंद ठेवावी, अशी सूचना सभासदांनी सर्वसाधारण सभेत जरूर मांडावी.

वर्षाचे वेळापत्रक असे धरावे. तोडणी उरकल्यावर, फेब्रुवारी ते मे, बेशरम, घाणेरी आणि वेडी बाभूळ काढणे व खड्डे घेणे. जून-जुलैत लावण. जुलै ते सप्टेंबर गाजरगवत उपटणे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह देशभर पाळतात, त्या आठवड्यात शाळांनाही बरोबर घेता येईल. दिवाळीनंतर नवीन उगवलेली तणे पुन्हा एकदा काढणे, आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी. काठालगतच्या उसाचे पाचट पेटवू नये. ते सरीत कुजवले तर जमिनीला खत आणि रोपांना जीवदान. पाचटाच्या एका काडीने तीन वर्षांची मेहनत अर्ध्या तासात जाते.

गाव करील ते राव काय करील, अशी आपल्याकडे म्हण आहे. ओढ्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी तण पुन्हा डोके काढील आणि काहीजण म्हणतील, झाले का तुमचे? तिथे जो ओढा टिकला तो तरला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सावली पात्रावर येऊ लागली की खुरप्याचे काम निम्म्याने हलके होते.

तरी ज्या सभासदांच्या जमिनी एकाच ओढ्याला लागून आहेत, त्यांनी हंगाम संपताच एक दिवस ठरवून ओढा उगमापासून नदीपर्यंत पायी फिरून पाहावा, कुठे काय माजले आहे, काठ कुठे उरला आहे, ते वहीत लिहावे, आणि ती वही घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे, ही विनंती.